आजीचा रुपया

आमच्या बैठकीला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. महिन्यातल्या एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फेरी मारून झाली, की आम्ही दहा-बारा नाणेवेडे कुणाच्या तरी घरी जमतो. पोहे होतात, दोनदा चहा होतो, मग टेबलावर जाड कापड अंथरून ज्यानं त्यानं आपलं काढून दाखवायचं. एरवी दाखवणं म्हणजे मिरवणंच असतं: हे साल मिळत नाही, ही टांकसाळ मिळत नाही, असलं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी टूम काढली, की या वेळी दुर्मीळ नाणं आणायचंच नाही. आवडतं आणायचं आणि ते का आवडतं ते सांगायचं.

त्या दिवशी मी जे सांगितलं, त्याबद्दल हे लिहितो आहे.

माझ्या आधी एक निवृत्त शिक्षक बोलले. त्यांनी एक झिजलेली शिवराई आणली होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’मधला ‘शिव’ तेवढा वाचता येत होता, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’तली दोनच अक्षरं. ही महाराजांच्या हयातीतली नव्हे, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराला सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पुढे पेशवाईत पडत राहिलं, आणि पेशवाई बुडाल्यावरही आठवडी बाजारांत चालत राहिलं. अक्षरं बिघडत गेली, नाव तेच राहिलं. हे सगळं आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते त्यांनी पुढे सांगितलं. त्यांच्या वडिलांचं खेड्यात किराणा दुकान होतं आणि ही शिवराई ते मेण लावून तराजूच्या पारड्याखाली चिकटवत. दर मापामागे दहा-अकरा ग्रॅम माल घरात राही. “माझी फी त्यातून भरली गेली,” एवढं बोलून गुरुजींनी नाणं परत खिशात ठेवलं. कुणी काही बोललं नाही. पोह्यांच्या बशा गोळा करायला आलेल्या वहिनीसुद्धा दारात थबकल्या.

मग एका डॉक्टरीणबाईंनी पितळी वीस पैशांचं नाणं दाखवलं, कमळाचं. सोन्यासारखं दिसतं म्हणून त्यांच्या आई लक्ष्मीपूजनात मांडायच्या. वातावरण थोडं सैल झालं. आणि माझी पाळी आली.

मी होल्डरमधून चांदीचा रुपया काढला. पंचम जॉर्जचा, १९१८ सालचा. मागच्या बाजूला वेलींचं कडं, त्यात इंग्रजीत आणि फारसी लिपीत ‘एक रुपया’, आणि खाली कमळापाशी बारीक ठिपका. तो मुंबई टांकसाळीचा. राजाच्या मुकुटावर, कडेला, एक खडबडीत खूण आहे. तिथे कधीकाळी कडी झाळलेली होती.

“हा आजीचा रुपया,” मी म्हणालो. “सासूनं सूनमुख बघताना तिच्या हातावर ठेवला होता. बरीच वर्षं तिनं तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. कडी तुटली तेव्हा देव्हाऱ्यात ठेवला. दर दिवाळीला त्याला हळदकुंकू लागायचं. शेवटी तिनं आपल्या हातानं तो माझ्या हातात दिला.”

यातलं एक वाक्यही खोटं नाही. प्रत्येक सुटं काढून वाजवून बघा, खणखणीत आहे. सगळं मिळून मात्र बद्द वाजतं. कारण ऐकणाऱ्यांनी ती माझी आजी समजली आणि मी ती समजू दिली. आपल्या भाषेत ही सोय आहे. भाजीवाली म्हातारी आजी, एसटीत शेजारी बसलेली आजी, आणि वडिलांची आई तीही आजी. मी ‘माझी’ म्हणालो नाही. म्हणायची गरजच पडली नाही.

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजी माझ्याकडे बघत होते. आज वाटतं, ते नुसतेच बघत होते. पण त्या वेळी मला वाटलं, यांना कळलं.

आता खरं सांगतो. मी एका तालुक्याच्या गावी बँकेत कॅशियर होतो. २०११ सालच्या जूनमधली गोष्ट. चाराणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जूनपासून चलनातून बाद होणार होती, आणि त्याआधी ती ठरावीक शाखांमध्ये दर्शनी किमतीला बदलून मिळणार होती. आमची शाखा त्यातली एक. काउंटरवर पाच पैसे, दहा पैसे, वीस पैशांचे अॅल्युमिनियमचे तुकडे पिशव्या भरभरून येत होते. लोकांनी ती कशाला ठेवली होती कोण जाणे. अंगाऱ्याच्या डब्यात, गल्ल्यात, मडक्यात. मी वरकरणी कुरकुरत होतो आणि आतून खूश होतो. संग्राहकाला अशा पिशव्या म्हणजे पर्वणी. १९६४ चा तीन पैशांचा षटकोनी तुकडा दिसला, की मी त्याच्या जागी आपल्या खिशातली मोड टाकून तो बाजूला काढत असे. त्यात गैर काही नव्हतं. अजूनही वाटत नाही.

एका दुपारी ती आली. नऊवारी, हातात पुरचुंडी, पायांना वाटेतला चिखल. खिडकीपाशी गर्दी ओसरेपर्यंत ती बाजूला भिंतीला टेकून बसून होती. मग उठून आली आणि पुरचुंडी सोडली. चाराणे, दहा पैसे, काही पाच पैसे, आणि सगळ्यांच्या खाली, वेगळ्या चिंधीत, हा रुपया.

“सायेब, सगळी जुनी नाणी बंद व्हनार म्हनत्यात. ह्यो बी बंद व्हनार का?”

हा प्रश्न मी गेली इतकी वर्षं ऐकतो आहे. त्याला एका वाक्याचं उत्तर होतं. आजी, याचा त्या नोटिशीशी काही संबंध नाही, हा चांदीचा आहे, घरी न्या आणि देव्हाऱ्यात ठेवा. पंचम जॉर्जचे रुपये १९४० च्या दशकातच चलनातून गेले होते. ज्या मरणाला ती भीत होती, ते या रुपयाला केव्हाच येऊन गेलं होतं. काउंटरच्या त्या बाजूला हे माहीत असणं शक्य नव्हतं. या बाजूला मला ते पाठ होतं.

मी म्हणालो, “आजी, हा चालत नाही.”

हेही खरं वाक्य. मला खऱ्या वाक्यांची मोठी हौस आहे.

तिचा चेहरा उतरला. तेव्हा तिनं सूनमुखाचं सांगितलं, कडीचं सांगितलं, दिवाळीचं सांगितलं. ते रुपयाचं मोल वाढावं म्हणून नव्हतं. आता तो नाहीसा होणार या कळवळ्यानं ती त्याच्याविषयी बोलत होती, जसं आजारी माणसाबद्दल बोलतात. मी ऐकत होतो आणि बोटानं नाण्याची कड चाचपत होतो. मग मी खिशातून शंभराची नोट काढली. “बँक घेणार नाही,” मी म्हणालो, “पण मी घेतो.”

“एका रुपायाचं शंभर?” ती म्हणाली. नोट तिनं कपाळाला लावली. मला आशीर्वाद दिला, त्यातले शब्द मी इथे लिहिणार नाही.

संध्याकाळी रोकड जुळली. एक पैशाचा फरक नव्हता. बँकेच्या पैशाला मी हात लावला नव्हता. शंभर रुपये माझे होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझी रोकड कधी चुकली नाही. निरोप समारंभात याचा उल्लेखही झाला, आणि मी मान खाली घालून तो ऐकला. लोकांना तो विनय वाटला.

त्या रुपयाचा हिशेब मी नंतर पुष्कळदा केला आहे. असा रुपया नवा असताना ११.६६ ग्रॅमचा असतो, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. माझा झिजून साडेअकराच्या खाली आला आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये चांदी किलोला सत्तर हजारांच्या पुढे गेली होती. जूनमध्ये उतरली, तरी पन्नास हजारांच्या वर होती. म्हणजे नुसती मोड म्हणून पाचशेच्या वर. मी तिला चारशेनं फसवलं. संग्राहक म्हणून बोलायचं तर हे साल भरपूर मिळतं, कडीच्या खुणेनं किंमत आणखी पडते. तेव्हा चारशेच, जास्त नाही. हा आकडा मला बरा वाटत असे. चारशे रुपये म्हणजे काही फार नाहीत. परत करता येण्यासारखे आहेत.

पण मी तिच्याकडून चांदी विकत घेतलीच नव्हती. चांदी मला कुठल्याही सराफाकडे मिळाली असती. मी तिची भीती ओळखली आणि तिला तिच्या भीतीत तसंच उभं ठेवलं. तिच्या सासूचा हात, काळा दोरा, दिवाळीचं कुंकू, हे सगळं तिनं मला फुकट दिलं, आणि बारा-तेरा वर्षांनी पुण्याच्या त्या दिवाणखान्यात मी ते आपलं म्हणून वापरलं.

मनाला समजावणं मला चांगलं जमतं. पहिली समजूत अशी, की ती सराफाकडे गेली असती तर त्यानं तो वितळवला असता. मी तो वाचवला. आमच्या छंदातली ही सगळ्यांत लाडकी सबब. आम्ही घेत नाही, वाचवतो. पण ती सराफाकडे निघालेली नव्हती. ती घरी निघाली होती. आणि वितळण्याचं म्हणाल तर हा रुपया स्वतःच बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी नाण्यांची राख आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या लोकांचा नोटेवरचा विश्वास उडाला. माणसं नोटा घेऊन सरकारी कचेऱ्यांत येत आणि चांदीचे रुपये मागत. खजिन्यातले रुपये आटत चालले. तेव्हा १९१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं पिटमन कायदा केला, आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली. त्यातून इथे रुपये पडले. त्या डॉलरांतही कुणाच्या तरी आठवणी असतीलच. हे मी पूर्वी बैठकीत रंगवून सांगत असे. आता सांगताना मध्येच थांबतो, कारण डोळ्यांपुढे ती रांग येते. नोटेवर विश्वास नसलेली, खिडकीतल्या माणसावर मात्र विश्वास ठेवून उभी असलेली रांग.

दुसरी समजूत: तिला पैशांची गरज होती, ती आनंदानं गेली. हो, गेली. याच्यावर मला काही म्हणायचं नाही. फसवलेला माणूस आनंदात गेला याची नोंद आपल्या जमेला कशी धरायची, ते तीस वर्षांच्या हिशेबानंतरही मला कळलेलं नाही.

तिसरी गोष्ट समजूत नव्हे, कृती आहे, आणि तीच मला जास्त टोचते. त्या रात्री घरी आल्यावर मी रुपया धुतला. नाणी जमवणारं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की जुनं नाणं घासायचं नसतं. चिंच नाही, राख नाही, दंतमंजन तर मुळीच नाही. वर चढलेला काळसर रंग हे त्याचं वय असतं. घासलं की बारीक ओरखडे पडतात, भिंगाखाली ते लपत नाहीत. नवख्यांना मी स्वतः हे ओरडून सांगतो. तरीही त्या रात्री मी मोरीपाशी बसलो, जुना टूथब्रश घेतला आणि चिंचेच्या कोळानं अक्षरांच्या खाचांतलं कुंकू काढलं. खाचांत ते घट्ट बसलं होतं, थरावर थर, किती दिवाळ्यांचं. लाल पाणी मोरीत वाहून गेलं. मी स्वतःला सांगितलं, मळ आहे. आता विचारतो: एरवी मळाला न शिवणारा मी, त्याच रात्री इतका स्वच्छ का झालो?

नाण्यांच्या अभ्यासात जोगलटेंभीचं नाव येतंच. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ मध्ये चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं ठोकलेली होती. जिंकलेल्या शत्रूचं नाणं, त्याच्या मुखवट्यावरच चैत्याचा शिक्का. मला ती नाणी नेहमी आवडत आली, कारण दोन राजे एकाच चकतीवर भांडताना दिसतात. वरच्या ठशाखालून खालच्याचं नाक डोकावतं. हल्ली मला त्यांत आणखी एक दिसतं. सातकर्णीनं खालचा चेहरा घासून काढला नाही. कुणाचं होतं ते दिसू दिलं. मी आधी घासलं, मग ठसा मारला.

बैठकीहून परत आलो त्या दिवशी घरी जेवताना ही गोष्ट मी पत्नीलाही रंगवून सांगितली, म्हणजे लोक कसे भारावले ते. तिनं भाकरी मोडता मोडता विचारलं, “तुमच्या आजीकडे कुठला हो चांदीचा रुपया?”

नव्हताच. माझी आजी दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. तिच्याकडून माझ्याकडे एकच नाणं आलं आहे, आणि ते मी आजवर कुठल्याही बैठकीत काढलं नाही. ते आहे भोकाचा पैसा. १९४३ पासून चार-पाच वर्षं असे पैसे पडले. युद्धामुळे धातूची टंचाई होती, म्हणून मधोमध भोक पाडून पैशाचं वजन निम्म्याहून खाली आणलं. पूर्वीचा पैसा पावणेपाच ग्रॅमच्या वर होता, हा जेमतेम दोन ग्रॅमचा. लोकांनी तो पोरांच्या करदोट्यात ओवला, गाड्यांच्या खिळ्यांना वायसर म्हणून लावला. माझ्या आजीनं तो माझ्या वडिलांच्या कमरेला बांधला होता. जुन्या बाजारात तो आज वीस-तीस रुपयांना ओंजळीनं मिळतो. माझ्याकडचा हिरवट पडला आहे, करदोट्यानं भोकाची एक कड गुळगुळीत झाली आहे. तो मी अल्बममध्येही लावलेला नाही. कपाटाच्या खणात, सुटा, रबरबँडच्या डबीत आहे.

म्हणजे मी एका म्हातारीचा रुपया घेतला, आणि दुसऱ्या म्हातारीला तो दिल्यासारखं केलं, कारण तिच्याकडे होता तो पैसा दाखवायची मला लाज वाटली. गुरुजींनी वडिलांचं पाप कापडावर मांडलं. मला आजीचं दारिद्र्यही मांडता आलं नाही. त्यात तर कुणाचं पाप नव्हतं.

मी तिला शोधलं का? नाही. नाणी बदलून द्यायला नाव लिहून घ्यावं लागत नसे, त्यामुळे नाव मला माहीत नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की गावही आठवत नाही. हे मात्र सरळ खोटं आहे, या सगळ्या प्रकरणातलं एकमेव धडधडीत खोटं, आणि ते मी दुसऱ्या कुणाशी बोललेलो नाही. गाव मला आठवतं. भिंतीला टेकून बसली असताना तिनं शिपायाला परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं होतं, गावाचं नाव घेऊन. ते गाव शाखेपासून चौदा किलोमीटरवर आहे. त्यानंतर मी त्या शाखेत तीन वर्षं होतो. त्या रस्त्यानं दोनदा लग्नाला गेलो. ती तेव्हाच पंचाहत्तरीची असेल. आता कोण असेल, कुणाच्या हातात रुपया ठेवायचा, लोक काय म्हणतील, हे प्रश्न खरे आहेत. पण तीन वर्षांत ते नव्हते, हेही खरं आहे.

यंदा आमच्यातल्या एकानं सगळ्यांच्या आवडत्या नाण्यांचे फोटो काढून छोटी पुस्तिका छापायचं मनावर घेतलं आहे. प्रत्येकाला एक कागद दिला आहे: नाणं, साल, टांकसाळ, वजन, कुणाकडून मिळालं. फोन आला तेव्हा तो म्हणाला, “तुमचा आजीचा रुपया तर मुखपृष्ठावर घ्यायचा विचार आहे.” मी कळवतो म्हणालो.

काल रात्री कागद घेऊन बसलो. पहिले चार रकाने भरायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पाचव्यात ‘आजी’ लिहिलं, खोडलं. मग खणातून डबी काढली, भोकाचा पैसा रुपयाशेजारी ठेवला आणि दोन्हींकडे बघत बराच वेळ बसून राहिलो. पत्नी दिवा मालवायला आली आणि काही न विचारता परत गेली. उशिरा कधीतरी मी पाचव्या रकान्यात त्या गावाचं नाव लिहिलं, आणि पुढे लिहिलं: ‘जून २०११, बँकेच्या खिडकीवर, शंभर रुपये देऊन.’

पेन्सिलीनं लिहिलं आहे. कागद परवा द्यायचा आहे.